नागरी विमान वाहतुकीतील स्वीकारार्ह सुरक्षितता पातळी : निश्चिती, मोजमाप आणि शासकीय पर्यवेक्षण

सारांश

विमान वाहतूक पूर्णपणे धोकामुक्त करता येत नाही. त्यामुळे किती धोका स्वीकारावयाचा, हे प्रत्येक राष्ट्राला ठरवावे लागते आणि तो त्या मर्यादेत आहे की नाही, हे सातत्याने मोजावे लागते. प्रस्तुत लेखात ‘स्वीकारार्ह सुरक्षितता पातळी’ या संकल्पनेचा अर्थ, तिच्यामागील आंतरराष्ट्रीय चौकट, ती ठरविण्याची संख्याशास्त्रीय रीत आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. उदाहरणादाखल १९९३ सालच्या औरंगाबाद येथील विमान अपघाताचे या संकल्पनेच्या आधारे पुनर्वाचन केले आहे.

बीजशब्द : विमान सुरक्षितता, राज्य सुरक्षितता कार्यक्रम, सुरक्षितता निर्देशक, इशारा पातळी, पर्यवेक्षण.

१. प्रस्तावना

लोणार तालुक्यातील बीबी आणि परिसरातील गावांना विमानतळ नाही. येथील माणसाला विमानाने जावयाचे झाल्यास सिंदखेडराजा, जालना या मार्गाने छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची वाट धरावी लागते. विदर्भात अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईसाठी प्रवासी सेवा सुरू झाली. विमान प्रवास हा आता केवळ महानगरातील सधन वर्गाचा विषय राहिलेला नाही. भारतातील देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या २०२४ साली १६ कोटींच्या पुढे गेली. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी आणि त्यांचे पालक हेही या संख्येत आता मोडतात.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या अपघातात विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण अशा एकूण २६० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या घटनेनंतर ‘विमान प्रवास सुरक्षित आहे काय?’ हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. त्या अपघाताच्या कारणमीमांसेत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु सर्वसामान्यांनी विचारलेला तो प्रश्न शास्त्रीय भाषेत कसा मांडावा, त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची आणि ते उत्तर कोणत्या पुराव्यावर द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. संकल्पनेचा अर्थ

प्रथम शब्दांविषयी. मराठी वृत्तपत्रांतून ‘सुरक्षा’ आणि ‘सुरक्षितता’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. विमान वाहतुकीच्या क्षेत्रात मात्र त्यांत भेद करणे आवश्यक असते. अपहरण, घातपात यांसारख्या हेतुपुरस्सर कृत्यांपासून संरक्षण म्हणजे सुरक्षा होय. यंत्रातील बिघाड, मानवी चूक, हवामान, नियमनातील ढिलाई अशा अहेतुक कारणांनी होणाऱ्या हानीपासून बचाव म्हणजे सुरक्षितता होय. भारतात या दोन्हींसाठी स्वतंत्र यंत्रणा आहेत. सुरक्षेचे काम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोकडे, तर सुरक्षिततेचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजेच डीजीसीएकडे आहे. प्रस्तुत लेख केवळ सुरक्षिततेविषयी आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजेच आयकाओने, सुरक्षिततेची व्याख्या करताना ‘धोक्याचा अभाव’ ही कल्पना जाणीवपूर्वक टाळली आहे. विमान चालविण्याशी संबंधित जोखीम कमी करून ती स्वीकारार्ह मर्यादेत नियंत्रित ठेवली आहे, अशी स्थिती म्हणजे सुरक्षितता, असा त्या व्याख्येचा आशय आहे. या व्याख्येत दोन गोष्टी गृहीत आहेत. जोखीम शून्य होत नाही, ही पहिली. ‘स्वीकारार्ह’ म्हणजे किती, हे कोणीतरी आधी ठरविले पाहिजे, ही दुसरी. ते ठरविले नसेल तर ‘आमची विमान वाहतूक सुरक्षित आहे’ हे विधान खरेही म्हणता येत नाही आणि खोटेही म्हणता येत नाही.

येथे ‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांतील फरकही लक्षात घ्यावा. धावपट्टीच्या टोकाजवळून जाणारा रहदारीचा रस्ता हा धोका होय. त्या रस्त्यावरील वाहनाशी विमानाची धडक होण्याची संभाव्यता आणि त्यातून होणाऱ्या हानीचे गांभीर्य यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. धोका पाहता येतो, जोखमीचा मात्र अंदाज बांधावा लागतो. स्वीकारार्ह पातळी ठरते ती जोखमीची.

३. आंतरराष्ट्रीय चौकट आणि भारतीय यंत्रणा

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करार हा या संपूर्ण व्यवस्थेचा पाया आहे. या कराराखालील मानके निरनिराळ्या परिशिष्टांत दिलेली आहेत. त्यांपैकी सुरक्षितता व्यवस्थापनाविषयीचे परिशिष्ट १९ हे नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाले. त्यानुसार प्रत्येक सदस्य राष्ट्राने ‘राज्य सुरक्षितता कार्यक्रम’ आखावयाचा असतो आणि त्यात आपली स्वीकारार्ह सुरक्षितता कामगिरी पातळी नमूद करावयाची असते. येथे ‘राज्य’ हा शब्द राष्ट्र या अर्थी आहे, महाराष्ट्र किंवा गुजरात या अर्थी नाही.

‘सुरक्षितता पातळी’ या मूळ शब्दप्रयोगात ‘कामगिरी’ या शब्दाची पुढे भर पडली. सुरक्षितता ही एकदा मिळवून कपाटात ठेवण्याची वस्तू नसून ती रोजच्या कामातून दिसावी लागते, हा विचार त्यामागे आहे. परिशिष्टातील व्याख्येचा आशय असा : राष्ट्राच्या विमान वाहतूक व्यवस्थेने साध्य करावयाची, राष्ट्रीय यंत्रणांनी मान्य केलेली आणि निर्देशक व लक्ष्ये यांच्या रूपाने व्यक्त केलेली सुरक्षिततेची पातळी. सर्व राष्ट्रांसाठी एकच आकडा आयकाओने ठरवून दिलेला नाही, ही बाब महत्त्वाची आहे. हवामान, भूरचना, वाहतुकीची घनता, विमानांचे प्रकार, प्रशिक्षणाची स्थिती हे सर्व देशोदेशी भिन्न असते. त्यामुळे पातळी ठरविण्याचे स्वातंत्र्य राष्ट्राला आहे, परंतु ती ठरविण्याच्या कर्तव्यातून त्याची सुटका नाही.

भारतात हे काम डीजीसीए करते. १९३४ च्या विमान कायद्यात २०२० साली केलेल्या दुरुस्तीने या संस्थेला वैधानिक दर्जा मिळाला. पुढे १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू होऊन जुना कायदा रद्द झाला. अपघातांच्या चौकशीसाठी विमान अपघात अन्वेषण ब्यूरो २०१२ साली स्थापन झाला. नियम करणारी व परवाने देणारी संस्था आणि अपघाताचे कारण शोधणारी संस्था वेगळी असावी, हे तत्त्व त्यामागे आहे. ज्याच्या पर्यवेक्षणात त्रुटी असण्याची शक्यता आहे, त्यानेच चौकशी केल्यास ती त्रुटी अहवालात येईलच, याची खात्री देता येत नाही.

४. अपघातांची संख्या हे माप अपुरे का ठरते?

सुरक्षितता मोजण्याचे सर्वांत सोपे माप म्हणजे अपघातांचा दर. आयकाओ हा दर प्रति दहा लाख उड्डाणे या प्रमाणात देते. जागतिक नियमित व्यापारी वाहतुकीत तो २०२३ साली १.८७ होता, तर २०२४ साली २.५६ झाला. या दोन वर्षांत मृतांची संख्या अनुक्रमे ७२ आणि २९६ होती. २०२३ मधील सर्व ७२ मृत्यू नेपाळमधील पोखरा येथील एकाच अपघातातील होते. एका वर्षात जगभरातील वैमानिक एकाएकी निष्काळजी झाले, असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढणे धाडसाचे ठरेल. घटना विरळ असल्या की त्यांची वार्षिक संख्या निव्वळ योगायोगानेही बरीच खाली-वर होते.

संख्याशास्त्राच्या अध्यापकांना परिचित असलेल्या प्वासाँ वितरणाने हे स्पष्ट करता येईल. एखाद्या देशात वर्षाला दहा लाख उड्डाणे होतात आणि प्राणघातक अपघाताचा खरा दर दहा लाखांमागे ०.५ आहे, असे मानू. अशा देशात एखादे वर्ष अपघाताविना जाण्याची संभाव्यता सुमारे ६१ टक्के असते. आता तेथील व्यवस्था ढासळून खरा दर दुप्पट, म्हणजे १ झाला असे समजू. तरीही वर्ष निर्वेध जाण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के राहते. म्हणजे जोखीम दुप्पट झाली तरी तीन वर्षांत साधारणपणे एकदा ‘यंदा एकही अपघात नाही’ असे म्हणण्याची संधी प्रशासनाला मिळत राहते. ‘तीनचा नियम’ म्हणून ओळखला जाणारा आडाखाही हेच सांगतो. दहा लाख उड्डाणांत एकही अपघात झाला नाही, तर ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की खरा दर दहा लाखांमागे ३ पेक्षा अधिक नसावा. तीन हा आकडा काही समाधानकारक नव्हे.

भारताच्या अनुभवातून हाच मुद्दा पुढे येतो. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथील अपघातात १५८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे २१ जणांचा बळी घेणारा अपघात झाला. मधल्या दहा वर्षांत भारतीय कंपन्यांच्या प्रवासी जेट विमानांना प्रवाशांचा बळी घेणारा अपघात झाला नाही. केवळ अपघातसंख्येवर विसंबले तर हा सुवर्णकाळ म्हणावा लागेल. परंतु याच काळात, ३१ जानेवारी २०१४ रोजी, अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताच्या सुरक्षितता पर्यवेक्षणाचा दर्जा पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत उतरविला. पूर्णवेळ व प्रशिक्षित उड्डाण निरीक्षकांची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण होते. परिणामी भारतीय कंपन्यांना अमेरिकेसाठी नवी उड्डाणे वाढविता येईनात. आवश्यक सुधारणा झाल्यावर ८ एप्रिल २०१५ रोजी पूर्वीची श्रेणी परत मिळाली. अपघात न होणे आणि पर्यवेक्षण सक्षम असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

५. पातळी ठरविण्याची रीत

अपघातांची संख्या अपुरी पडते म्हणून अपघाताच्या अलीकडच्या, अधिक वारंवार घडणाऱ्या घटना मोजाव्या लागतात. ही मापे तीन स्तरांवर असतात. पहिल्या स्तरावर अपघात व गंभीर घटना येतात. दुसऱ्या स्तरावर अपघात न होताही जोखीम दाखविणाऱ्या घटना येतात. उदाहरणार्थ, दोन विमाने ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ येणे, धावपट्टीवर अनधिकृत प्रवेश होणे, पक्षी धडकणे, ‘अस्थिर अप्रोच’ म्हणजे उतरताना विमानाचा वेग, उंची वा दिशा ठरलेल्या मर्यादेत नसणे. तिसऱ्या स्तरावर व्यवस्थेची स्वतःची कामे येतात. नियोजित तपासण्यांपैकी किती झाल्या, आढळलेल्या त्रुटींपैकी किती मुदतीत दूर झाल्या, निरीक्षकांची किती पदे भरलेली आहेत, इत्यादी.

मुंबई विमानतळावर ८ जून २०२४ रोजी एक विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर असतानाच दुसरे विमान त्याच धावपट्टीवर उतरले. कोणालाही इजा झाली नाही. पहिल्या स्तराच्या अपघात-मापात अशी घटना शून्य म्हणून नोंदली जाईल. दुसऱ्या स्तराच्या मापात मात्र ती अत्यंत बोलकी आहे.

निर्देशक निवडल्यावर त्याचे लक्ष्य आणि इशारा पातळी ठरवावी लागते. यासाठी आयकाओच्या सुरक्षितता व्यवस्थापन मार्गदर्शिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत दिलेली रीत समजण्यास सोपी आहे. एका काल्पनिक उदाहरणाने ती पाहू. एखाद्या विमान कंपनीच्या अस्थिर अप्रोचचा दर, प्रति दहा हजार अप्रोच, एका वर्षातील बारा महिन्यांत पुढीलप्रमाणे होता असे समजा : ८, १०, ९, ११, १२, १०, ८, ९, ११, १०, १२, १०. या संख्यांची सरासरी १० येते. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २० होते. तिला १२ ने भागून वर्गमूळ काढल्यास प्रमाण विचलन सुमारे १.२९ मिळते. यावरून पुढील वर्षासाठी तीन रेषा आखल्या जातात. सरासरी अधिक एक प्रमाण विचलन म्हणजे ११.२९, अधिक दोन म्हणजे १२.५८ आणि अधिक तीन म्हणजे १३.८७.

इशाऱ्याचे नियम असे : कोणत्याही एका महिन्याचा दर तिसऱ्या रेषेच्या वर गेला, किंवा सलग दोन महिने दुसऱ्या रेषेच्या वर राहिला, किंवा सलग तीन महिने पहिल्या रेषेच्या वर राहिला, तर इशारा लागू झाला असे मानून कारणांचा शोध घ्यावयाचा. लक्ष्य वेगळे ठरते. वार्षिक सरासरीत ५ टक्के घट हे लक्ष्य घेतल्यास पुढील वर्षाची सरासरी ९.५ वा त्याखाली असली पाहिजे. अशा अनेक निर्देशकांना त्यांच्या महत्त्वानुसार भार देऊन, किती लक्ष्ये साधली आणि किती इशारे टळले, यांचा एकत्रित हिशेब केला म्हणजे राष्ट्राची त्या वर्षीची सुरक्षितता कामगिरी मिळते. कारखान्यातील गुणवत्ता नियंत्रणाच्या आलेखांचीच ही उपयोजना आहे, हे वाणिज्य आणि सांख्यिकी शाखांच्या अध्यापकांच्या सहज लक्षात येईल.

सर्वच पातळ्या अशा भूतकाळाच्या सरासरीवरून ठरत नाहीत. काही ठिकाणी निरपेक्ष मर्यादा घालून दिलेली असते. अधिक उंचीवर एकमेकांवरून जाणाऱ्या विमानांतील उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फूट करण्याचा बदल भारताच्या हवाई क्षेत्रात २००३ साली अमलात आला. या व्यवस्थेसाठी उभे अंतर बिघडून होणाऱ्या टकरींची मर्यादा, सर्व कारणे मिळून, दर एक अब्ज उड्डाणतासांत पाच प्राणघातक अपघात अशी मानलेली आहे. येथे आकडा आधी ठरला आणि मग यंत्रांची अचूकता, नियंत्रकांची कार्यपद्धती यांची गणिते त्याला जुळविली गेली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मरण पावले. त्यानंतर टक्कर टाळण्याची सूचना देणारे उपकरण विमानांत अनिवार्य करण्यात आले. या पार्श्वभूमीवर अब्जांच्या भाषेतील हा आकडा केवळ सैद्धांतिक राहत नाही.

६. औरंगाबाद येथील अपघात : एक पुनर्वाचन

२६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघाले. विमानात ११८ जण होते. धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून त्याच वेळी कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक जात होता. पुरेशी उंची न गाठलेल्या विमानाची डावीकडील चाके आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. पुढे विमान उच्च दाबाच्या विद्युत तारांना धडकून जमिनीवर कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ जण वाचले.

चौकशीत दोन कारणे निश्चित करण्यात आली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास उशीर केला व ते चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. उड्डाणांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे. ही दोन कारणे एकत्र ठेवली म्हणजे असे दिसते की, यांपैकी एकच गोष्ट घडली असती तर कदाचित कोणाच्या लक्षातही आली नसती. नाक उशिरा उचलूनही रस्ता मोकळा असता तर विमान निघून गेले असते. ट्रक रस्त्यावर असूनही विमान वेळेत वर गेले असते तर ट्रकचालकाने केवळ आवाज ऐकला असता.

आता प्रश्न असा, की २५ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याची सुरक्षितता पातळी काय होती? अपघातांच्या मापाने पाहिल्यास उत्तर निर्दोष येते. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तराची मापे त्या काळी ठेवली असती, तर दोन गोष्टी मोजता आल्या असत्या. एक, विमान उड्डाण घेत असताना रस्त्यावर उंच माल भरलेली वाहने असण्याचे प्रमाण. यासाठी एका माणसाने घड्याळ आणि वही घेऊन रस्त्याकडेला बसणे पुरेसे होते. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात कापसाचे ट्रक किती उंच भरले जातात, हे आपल्या भागातील कोणालाही सांगण्याची आवश्यकता नाही. दोन, विमानाचे नाक ठरलेल्या वेगापेक्षा उशिरा उचलले जाण्याचे प्रमाण. उड्डाणातील नोंदींचे नियमित विश्लेषण करून आज ते काढले जाते. ही दोन प्रमाणे एकमेकांशी ताडून पाहिली असती, तर त्यांच्या योगातून होणारी जोखीम अपघाताच्या पुष्कळ आधी कागदावर दिसू शकली असती.

या विवेचनाचा हेतू गतकाळातील व्यक्तींना दोष देण्याचा नाही. सुरक्षितता व्यवस्थापनाची आजची चौकट तेव्हा अस्तित्वात नव्हती. परंतु स्वीकारार्ह पातळी ठरविणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचे उत्तर या उदाहरणातून मिळते. ‘उड्डाणाच्या वेळी रस्त्यावर एकही वाहन असता कामा नये’ ही एक पातळी होय. ‘अमुक उंचीपर्यंतचे वाहन चालेल’ ही दुसरी. त्या दिवशी यांपैकी कोणतीही पातळी प्रत्यक्षात पाळली जात नव्हती. पातळी अमलात नसली की जे घडते तेच नकळत स्वीकारले जाते.

७. मोजमापातील अडचणी

पहिली अडचण नोंदीची आहे. दुसऱ्या स्तरावरील बहुतेक घटना वैमानिक, नियंत्रक, अभियंते स्वतः कळवितात तेव्हाच समजतात. कळविणाऱ्यास शिक्षेचे भय असेल तर नोंदी घटतात आणि आलेख सुधारल्यासारखा दिसतो. उलट, विश्वासाचे वातावरण निर्माण झाल्यास नोंदी वाढतात आणि स्थिती बिघडल्याचा भास होतो. म्हणून निर्देशकातील वाढ ही घटनांची वाढ आहे की प्रामाणिकपणाची, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. परिशिष्ट १९ मध्ये सुरक्षिततेच्या माहितीस आणि ती देणाऱ्यास संरक्षण देण्यावर भर आहे, तो याच कारणाने. अर्थात, हेतुपुरस्सर केलेला नियमभंग या संरक्षणात बसत नाही.

दुसरी अडचण लक्ष्याच्या दडपणाची आहे. माप हेच ध्येय झाले की ते माप म्हणून निरुपयोगी होऊ लागते. परीक्षेचा निकाल शंभर टक्के लावण्याच्या दडपणाखाली शिक्षणाचे काय होते, याचा अनुभव अध्यापकवर्गास नव्याने सांगावयास नको. अस्थिर अप्रोच कमी दाखवा, असा आदेश निघाला तर ‘अस्थिर’ या शब्दाची व्याख्याच सैल करण्याचा मोह होतो.

तिसरी अडचण सरासरीची आहे. राष्ट्रीय दर समाधानकारक असला तरी त्याखाली एखादा विमानतळ, एखादी कंपनी किंवा वाहतुकीचा एखादा प्रकार चिंताजनक स्थितीत असू शकतो. मोठ्या कंपन्यांची नियमित उड्डाणे संख्येने इतकी अधिक असतात की प्रशिक्षण विमाने, हेलिकॉप्टर आणि भाड्याची छोटी विमाने यांची जोखीम त्या सरासरीत बुडून जाते. बारामती परिसरात ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रशिक्षणाची दोन विमाने काही दिवसांच्या अंतराने कोसळली. अशा घटनांचा विचार प्रशिक्षण उड्डाणांचा स्वतंत्र छेद घेऊनच करावयास हवा.

८. पर्यवेक्षकाचे मोजमाप कोण करणार?

आयकाओने १९९९ पासून सदस्य राष्ट्रांच्या सुरक्षितता पर्यवेक्षणाचे लेखापरीक्षण सुरू केले. त्यात आठ महत्त्वाचे घटक तपासले जातात : मूलभूत कायदा, कार्यनियम, शासकीय संघटना, पात्र तांत्रिक मनुष्यबळ, तांत्रिक मार्गदर्शन व साधने, परवाने व प्रमाणपत्रे, देखरेख आणि आढळलेल्या सुरक्षितता समस्यांचे निराकरण. नोव्हेंबर २०२२ मधील तपासणीनंतर भारताचे प्रभावी अंमलबजावणीचे गुण सुमारे ७० टक्क्यांवरून सुमारे ८५ टक्क्यांवर गेले. ही प्रगती नोंद घेण्याजोगी आहे.

मात्र हे गुण म्हणजे अपघात न होण्याची हमी नव्हे. ते क्षमतेचे माप आहे. व्यवस्था कागदावर आणि मनुष्यबळाच्या रूपाने उभी आहे काय, एवढेच ते सांगते. मनुष्यबळाच्या बाबतीत संसदेच्या स्थायी समितीने २०२५ साली डीजीसीएतील मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी पदे रिक्त असल्याकडे लक्ष वेधले. विमानांची संख्या वाढत असताना तपासणाऱ्यांची संख्या न वाढल्यास, प्रत्येक तपासणीला मिळणारा वेळ घटतो. तपासणी झाल्याची नोंद मात्र तशीच होत राहते. म्हणून ‘किती तपासण्या झाल्या’ यासोबत ‘त्यांतून काय आढळले आणि ते किती दिवसांत दुरुस्त झाले’ हा निर्देशक ठेवणे अगत्याचे आहे.

९. ‘स्वीकारार्ह’ कोणाला?

येथवरचे विवेचन तांत्रिक होते. परंतु स्वीकारार्हता ही अंतिमतः मूल्यात्मक बाब आहे. जोखीम पत्करणारा प्रवासी, तिच्यातून उत्पन्न मिळविणारी कंपनी आणि ती ठरविणारे शासन हे तीन वेगवेगळे पक्ष आहेत. त्यांचे हितसंबंध नेहमी जुळतातच असे नाही.

वैमानिकांच्या कामाच्या तासांचा प्रश्न हे याचे ठळक उदाहरण होय. थकवा ही मान्यताप्राप्त जोखीम आहे. डीजीसीएच्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या वेळी करावयाच्या विमान उतरविण्यांची मर्यादा सहावरून दोनवर आणली. या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. डिसेंबरच्या आरंभी देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर प्रवासी खोळंबले आणि त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट देण्यात आली. ताटकळलेल्या प्रवाशांचे हाल खरे होते, त्यामुळे सूट देण्यामागील कारणही समजण्यासारखे आहे. तरीही शास्त्रीय दृष्ट्या एक प्रश्न उरतो. नोव्हेंबरमध्ये अस्वीकारार्ह ठरलेला थकवा डिसेंबरमध्ये स्वीकारार्ह कसा झाला? सूट देताना तिच्यामुळे वाढणारी जोखीम किती, ती कोणत्या निर्देशकाने मोजली जाईल आणि कोणती इशारा पातळी ओलांडल्यास सूट मागे घेतली जाईल, हे जाहीर झाले तरच अशा निर्णयास सुरक्षितता व्यवस्थापन म्हणता येते. एरवी तो केवळ प्रसंगनिवारणाचा उपाय ठरतो.

रस्ते वाहतुकीशी तुलना केल्यास या चौकटीचे मोल अधिक स्पष्ट होते. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. आपल्या जिल्ह्याच्या स्मृतीत ती घटना ताजी आहे. विमान वाहतुकीत प्रत्येक अपघाताची स्वतंत्र यंत्रणेकडून चौकशी होते, अहवाल प्रसिद्ध होतो आणि शिफारशींचा पाठपुरावा अपेक्षित असतो. कोळिकोडच्या अपघाताचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात अस्थिर अप्रोच कायम ठेवून विमान धावपट्टीवर बरेच पुढे उतरविल्याची नोंद झाली. त्यामुळे ‘अस्थिर अप्रोच’ या निर्देशकाचे महत्त्व पुराव्यासह अधोरेखित झाले. रस्त्यावरील मृत्यूंसाठी अशी स्वीकारार्ह पातळी, तिचे निर्देशक आणि स्वतंत्र अन्वेषण यंत्रणा उभारता येईल काय, हा अभ्यासाचा विषय आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. विमान वाहतुकीतील सुरक्षितता ही धोक्याच्या अभावावरून ठरत नाही. जोखीम पूर्वनिश्चित मर्यादेत नियंत्रित आहे काय, यावरून ती ठरते.

२. अपघातांची वार्षिक संख्या हे माप विरळ घटनांमुळे अविश्वसनीय असते. शून्य अपघातांचे वर्ष हा सक्षम पर्यवेक्षणाचा पुरावा नव्हे. २०१४ सालचा श्रेणीबदल हे त्याचे उदाहरण होय.

३. अपघातपूर्व घटना आणि पर्यवेक्षणाची कामे यांचे निर्देशक, त्यांची लक्ष्ये व इशारा पातळ्या यांतूनच स्वीकारार्ह पातळीला अर्थ प्राप्त होतो. १९९३ च्या अपघातात कारणीभूत ठरलेल्या दोन्ही गोष्टी मोजता येण्यासारख्या होत्या.

४. निर्देशकांचा अर्थ लावताना नोंदींचा प्रामाणिकपणा, लक्ष्याचे दडपण आणि सरासरीआड दडलेली जोखीम यांचे भान ठेवावे लागते.

५. पातळी ठरविणे हा मूल्यनिर्णय आहे. त्यामुळे ती, तिच्यातील बदल आणि तिच्यातून दिलेली सूट ही कारणांसह जनतेसमोर असणे आवश्यक आहे.

संख्याशास्त्र, विधी, लोकप्रशासन, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या सर्व शाखांना स्पर्श करणारा हा विषय आंतरविद्याशाखीय अध्यापनासाठी उपयुक्त आहे. डीजीसीएचे वार्षिक सुरक्षितता आढावे आणि विमान अपघात अन्वेषण ब्यूरोचे अहवाल सर्वांना उपलब्ध असतात. त्यांतील आकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवून सरासरी, प्रमाण विचलन आणि इशारा रेषा काढण्याचा प्रकल्प कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयात खर्चाविना घेता येईल. ‘सुरक्षित’ या शब्दामागे कोणता आकडा आहे, असे विचारणारा नागरिक घडविणे हेही उच्च शिक्षणाचे एक उद्दिष्ट आहे.